आपल्या डहाणूचे कापरेकर मास्तर



ह्या वेळच्या भित्तिपत्रकासाठी एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहायचे काम माझ्याकडे आले. चरित्र म्हटले की आपण टिळक, फुले, सावित्रीबाई, बाबासाहेब यांची लिहितो. ती लिहायलाच हवीत. पण मी ज्यांच्याविषयी लिहिणार आहे ते आपल्या डहाणूत जन्मले, आयुष्यभर शाळेत मास्तर होते, आणि आकड्यांशी खेळता खेळता त्यांचे नाव साऱ्या जगात पोचले. ते नाव म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

खरे सांगायचे तर गेल्या मे महिन्यापर्यंत हे नाव मला माहीत नव्हते. ते कसे कळले तेही सांगते. त्यात माझीच फजिती आहे, पण ती लपवली तर गोष्ट अर्धीच राहील.

वाकोल्यातली फजिती

माझा मामा मुंबईत वाकोल्याला राहतो. विरारला गाडी बदलायची, सांताक्रूझला उतरायचे आणि पूर्वेला बाहेर पडून वाकोल्याच्या दिशेने जायचे. मामाची खोली चाळीत आहे. विमानतळ जवळ असल्यामुळे विमाने डोक्यावरून इतकी खालून जातात की बोलणे मध्येच थांबवावे लागते. मामीला त्याची सवय झाली आहे. विमान गेलं की ती राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे चालू करते.

मामाचा मुलगा, म्हणजे माझा दादा, नववीत आहे. तो गणिताच्या ऑलिंपियाडची तयारी करतो. त्याच्याकडे अवघड गणितांचे एक जाडजूड पुस्तक आहे. त्याने ते मला दाखवले, तर एका पानावर चारच गणिते, आणि त्यांत आकडे कमी व अक्षरेच जास्त! मी ते मुकाट्याने मिटले.

त्याच सुट्टीत तिथल्या एका मंडळाने मुलांसाठी गणिताची स्पर्धा ठेवली होती. लहान गट, मधला गट आणि मोठा गट असे तीन गट होते. दादाने माझे नाव मधल्या गटात घातले. आता आपल्या वर्गाला माहीत आहे की मला तीसपर्यंत पाढे येतात, आणि गणितात माझा पहिला नंबर असतो. त्यामुळे मी अगदी ऐटीत गेले.

वीस गणिते होती आणि वेळ अर्धा तास. पहिलेच गणित असे: १ ते १०० पर्यंतच्या संख्या लिहिल्या तर ९ हा अंक किती वेळा लिहावा लागेल? मला वाटले, हे तर सोपे. मी संख्या एकेक करून लिहायला बसले. ९, १९, २९ असे करत शंभरापर्यंत गेले आणि मोजून १९ उत्तर लिहिले. मग शंका आली, म्हणून पुन्हा मोजले. तेवढ्यात अर्धा वेळ संपला. आजूबाजूची मुले चौथ्या पानावर होती. मला दरदरून घाम फुटला. पुढची गणिते नीट वाचलीसुद्धा नाहीत.

शेवटी वीसपैकी दोन गुण मिळाले. पहिल्या गणिताचे उत्तर तर चुकलेच. ९९ मध्ये दोन नऊ असतात हे मी विसरले होते, त्यामुळे उत्तर २० हवे होते. पेपर देणाऱ्या टेबलावरच्या एका गृहस्थांनी मला माझी शाळा विचारली. मी जिल्हा परिषदेची शाळा म्हणून सांगितले, तेव्हा ते म्हणाले की पुढच्या वर्षी लहान गटात बसलीस तरी चालेल. ते रागाने बोलले नाहीत. समजूत घालावी तसेच बोलले. पण मला ते फार लागले. माझ्यापेक्षा शाळेलाच कमी लेखले असे वाटले. घरी येऊन मी जेवले नाही.

गॅलरीतला खेळ

रात्री दादा गॅलरीत माझ्याजवळ येऊन बसला. त्याने स्पर्धेचे नावही काढले नाही. एक जुनी वही पुढे केली आणि म्हणाला की कोणतेही चार अंक लिही, फक्त चारही सारखे नकोत. मग तेच अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडायचे आणि लहानाकडून मोठ्याकडे मांडायचे. मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करायची. जे उत्तर येईल त्याचे पुन्हा तसेच करायचे. करत राहायचे.

मी केले. चार-पाच वजाबाक्या झाल्यावर ६१७४ आले. त्याचे पुन्हा केले तर ७६४१ वजा १४६७, म्हणजे परत ६१७४! दुसरे अंक घेतले. पुन्हा ६१७४. मामीने अंक सांगितले. तरी ६१७४. माझी आई चौथीपर्यंतच शिकली आहे. तिने पदराला हात पुसले, दुधाच्या हिशेबाची वही घेतली आणि स्वतः करून पाहिले. तिचा एकदा हातचा चुकला, तिने खोडून पुन्हा केले, आणि तिलाही ६१७४ च मिळाले. आई किती हसली म्हणून सांगू! तोवर मला भूकही लागली होती.

मग दादा म्हणाला की हा खेळ ज्यांनी शोधून काढला ते तुझ्या डहाणूचे. मला वाटले, तो माझी समजूत काढायला थाप मारतोय. पण ती थाप नव्हती. त्यानंतर मी दादाची पुस्तके वाचली, इथे येऊन सरांना विचारले, आणि जे कळले ते आता सांगते.

डहाणूचा मुलगा

दत्तात्रेय कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. तेव्हा पालघर जिल्हा नव्हता, तो २०१४ साली झाला. डहाणू त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते. त्यांचे वडील कारकून होते. दत्तात्रेय आठ वर्षांचे असताना त्यांची आई वारली. वडिलांनीच त्यांना वाढवले. वडिलांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिष खरे की खोटे हा प्रश्न आपण बाजूला ठेवू, पण त्यात आकडेमोड पुष्कळ करावी लागते. आई नसलेल्या त्या घरात मुलाच्या हाती खेळायला आकडे आले, आणि ते त्याने जन्मभर खाली ठेवले नाहीत.

माध्यमिक शिक्षणासाठी ते ठाण्याला गेले. लांबलचक गणिते थोडक्यात कशी सोडवायची आणि कोडी कशी उलगडायची यातच त्यांचे तासन्‌तास जात. पुढे १९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. तिथे विद्यार्थ्याने स्वतःच्या डोक्याने केलेल्या गणिती कामासाठी रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक होते. ते १९२७ साली कापरेकरांना मिळाले. १९२९ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची बी. एस्‌सी. पदवी घेतली.

वाकोल्याला लागूनच कलिना आहे. आज मुंबई विद्यापीठाचा गणित विभाग तिथल्या विद्यानगरीत आहे. दादाने मला तिथे फाटकापर्यंत नेले होते. मोठमोठी झाडे आहेत. कापरेकर शिकले तेव्हा हे आवार नव्हते, विद्यापीठ फोर्टात होते. तरी मला फाटकापाशी उभे राहून बरे वाटले.

पदवीनंतर पुढे शिकणे त्यांच्याकडून झाले नाही. म्हणजे बघा, ज्यांच्या नावाची संख्या जगभर ओळखली जाते, त्यांच्या हाती साधी बी. एस्‌सी. होती.

देवळालीचे मास्तर

१९३० साली ते नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिक्षक झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तिथेच शिकवत राहिले. एकूण ३२ वर्षे. दिवसा शाळा, आणि उरलेल्या वेळात आकडे.

त्यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती. कॅल्क्युलेटर नव्हता. संगणकाचे तर नावच नको. वही आणि पेन्सिल, एवढेच सामान. त्यांचे प्रश्नही असे की ते समजायला बेरीज, वजाबाकी, गुणाकार आले तरी पुरे. आणि नेमके हेच पुष्कळांना पटत नव्हते. ते गणितज्ञांच्या परिषदांना स्वखुशीने जात, आपले शोध सांगत. पण तिथल्या काही मोठमोठ्या लोकांना हे पोरखेळ वाटत. एवढ्या सोप्या गोष्टीत कसले आले गणित, असा त्यांचा भाव असे. त्यामुळे त्यांचे लिखाण कधी साध्या मासिकांत छापले जाई, कधी ते स्वतःच लहान पुस्तिका छापून घेत.

हे वाचले तेव्हा मला त्या टेबलावरच्या गृहस्थांची आठवण झाली. मला तर एकदाच लहान गटात बस म्हणून सांगितले आणि मी जेवण टाकले. कापरेकर मास्तरांना वर्षानुवर्षे जणू लहान गटातच बसवले गेले. पण त्यांनी खेळ टाकला नाही.

१९४६ साली त्यांनी ६१७४ ची गंमत शोधून काढली, आणि १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत ती मांडली. पुढे ती अमेरिकेतल्या स्क्रिप्टा मॅथेमॅटिका ह्या नियतकालिकात छापून आली. आज ६१७४ ला सारे जग कापरेकर स्थिरांक म्हणते. स्थिरांक म्हणजे जो हलत नाही, तिथेच राहतो असा आकडा.

आता आपण त्यांचे जन्मसाल घेऊन पाहू, १९०५.

पहिली पायरी: ९५१० – ०१५९ = ९३५१
दुसरी: ९५३१ – १३५९ = ८१७२
तिसरी: ८७२१ – १२७८ = ७४४३
चौथी: ७४४३ – ३४४७ = ३९९६
पाचवी: ९९६३ – ३६९९ = ६२६४
सहावी: ६६४२ – २४६६ = ४१७६
सातवी: ७६४१ – १४६७ = ६१७४

सात पायऱ्या लागल्या. कोणतेही चार अंक घेतले तरी सातपेक्षा जास्त पायऱ्या कधीच लागत नाहीत. मास्तरांचे जन्मसालच असे की त्याला पुऱ्या सात लागतात! मात्र एक नियम पाळायचा. उत्तर तीन अंकी आले तर पुढे शून्य मांडून ते चार अंकी करायचे, नाहीतर खेळ फसतो.

असे का होते?

हा प्रश्न मी दादाला विचारला. त्याने लगेच सांगितले नाही. म्हणाला, आधी तीन अंकांचे करून बघ. मी ३५२ घेतले. ५३२ – २३५ = २९७. मग ९७२ – २७९ = ६९३. मग ९६३ – ३६९ = ५९४. मग ९५४ – ४५९ = ४९५. आणि ४९५ चे पुन्हा ४९५. म्हणजे तीन अंकांचा थांबा ४९५ आहे.

दोन दिवस मी विचार करत होते. मामीच्या गिरणीच्या रांगेतसुद्धा विचार करत होते. मग एक गोष्ट लक्षात आली. मधला अंक दोन्ही संख्यांत मधेच राहतो, म्हणून वजाबाकीत त्याचा काही परिणाम होत नाही. फरक पडतो तो फक्त सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातल्या अंतराने. ते अंतर गुणिले ९९, हेच उत्तर. ३५२ मध्ये मोठा ५, लहान २, अंतर ३. आणि ९९ त्रिक २९७. बरोबर!

आता अंतर १ ते ९ मधलेच काहीतरी असणार. म्हणजे पहिल्या वजाबाकीनंतर उत्तर फक्त नऊ प्रकारचे येऊ शकते: ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. संख्या कोणतीही घ्या, ती ह्या नऊ खोल्यांपैकी एकीतच शिरणार. मग नऊ खोल्यांच्या वाटा तपासल्या की झाले. ०९९ ची वाट सर्वांत लांब: ०९९ वरून ८९१, मग ७९२, मग ६९३, मग ५९४, मग ४९५.

चार अंकांचेही असेच आहे, फक्त खोल्या जास्त. बाहेरच्या दोन अंकांचे अंतर गुणिले ९९९, अधिक मधल्या दोन अंकांचे अंतर गुणिले ९०. अशी उत्तरे मोजली तर ५४ भरतात. ०००१ पासून ९९९८ पर्यंत, चारही अंक सारखे नसलेल्या एकूण ९९९० संख्या आहेत. त्या सगळ्या पहिल्याच पायरीला ५४ खोल्यांत येऊन बसतात. ९९९० तपासायच्या म्हटले तर जन्म जाईल. ५४ तपासायला चार दिवस पुरतात.

हे मला कळले तेव्हा दादाने मला एक गोष्ट सांगितली. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड म्हणून एक स्पर्धा असते. शंभराहून अधिक देशांतली शाळेतली मुले तिथे येतात. भारताचा संघ १९८९ सालापासून जातो, आणि १९९६ साली तर ती स्पर्धा आपल्या मुंबईतच भरली होती. एवढ्या मोठ्या स्पर्धेत गणिते किती असतात? फक्त सहा. दोन दिवसांत तीन-तीन, आणि रोज साडेचार तास. म्हणजे एकेका गणिताला दीड तास. तिथे कोणी अर्ध्या तासात वीस करायला सांगत नाही. तेव्हा एका गणितापाशी खूप वेळ बसणे म्हणजे मंदपणा नव्हे. मी त्या दिवशी एका गणितापाशी बसले ह्यात चूक नव्हती. चूक एवढीच की मी मोजत बसले, विचार करत बसले नाही. एकक स्थानी ९ दहा वेळा, दशक स्थानी ९ दहा वेळा, मिळून २०. दोन ओळींचे काम होते.

मास्तरांचे आणखी आकडे

कापरेकर मास्तरांनी संख्यांना माणसांसारखी नावे ठेवली. त्यातली काही सांगते.

हर्षद संख्या: हर्षद म्हणजे आनंद देणारी. जिच्या अंकांच्या बेरजेने तिलाच निःशेष भाग जातो ती. १२ घ्या. १ आणि २ मिळून ३, आणि ३ ने १२ ला भाग जातो. म्हणून १२ हर्षद. ६१७४ सुद्धा हर्षद आहे. तिच्या अंकांची बेरीज १८, आणि १८ गुणिले ३४३ म्हणजे ६१७४.

डेम्लो संख्या: ११ × ११ = १२१, १११ × १११ = १२३२१. चढत जाते आणि उतरत येते. आजचे डोंबिवली स्टेशन त्या काळच्या जी. आय. पी. रेल्वेवर होते. तिथे त्यांना ह्या संख्यांची कल्पना सुचली आणि डेम्लो हे नाव त्या स्टेशनावरून पडले. आपण गाडीची वाट बघताना काय करतो, आणि ते काय करत होते!

स्वयंभू संख्या: एखाद्या संख्येत तिचेच अंक मिळवले की पुढची संख्या जन्माला येते. २१ मध्ये २ आणि १ मिळवले की २४. म्हणजे २१ ही २४ ची जननी. पण २० ला कोणी जननीच नाही. कोणतीही संख्या घेऊन असे केले तरी २० येत नाही. अशा संख्यांना मास्तरांनी आपल्या गावावरून देवळाली संख्या असेही नाव दिले. त्यांच्यावर त्यांनी १९६३ साली एक पुस्तिका काढली. मला ही संख्या सर्वांत आवडते. लहानपणी आई गेलेल्या माणसाने जननी नसलेल्या संख्या शोधाव्यात, ह्याचे मला वाचताना कसेसेच झाले.

कापरेकर संख्या: ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५. त्यांची बेरीज पुन्हा ४५! २०२५ साल आले तेव्हा जगभरच्या गणितवेड्यांना ह्याची आठवण झाली असणार.

मान उशिरा आला

१९६२ साली मास्तर निवृत्त झाले. १९६६ साली त्यांच्या पत्नी वारल्या. राहणी अगदी साधी, तरी पेन्शन पुरेना. म्हणून ते गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेत. शाळा-कॉलेजांत बोलावले की जाऊन मुलांना आकड्यांच्या गमती सांगत. आकडे चालूच होते.

आणि मग मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतल्या सायंटिफिक अमेरिकन ह्या मासिकात मार्टिन गार्डनर ह्या लेखकाने आपल्या गणिती खेळांच्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले. ते सदर जगभर वाचले जाई. देवळालीच्या मास्तरांचे नाव एकदम सर्वतोमुखी झाले. तेव्हा त्यांचे वय ७० होते. त्यांच्या संख्यांवर निरनिराळ्या देशांतले गणितज्ञ काम करू लागले, आणि अजूनही करतात. ज्याला पोरखेळ म्हटले, त्यातले काही प्रश्न मोठ्यांनाही पुरून उरले. १९८६ साली, वयाच्या ८१ व्या वर्षी, मास्तर गेले.

आपल्या वर्गात काय झाले

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी हा खेळ फळ्यावर दाखवला. सातवीच्या मुलांनी चार अंकांचा केला, पाचवीच्यांनी तीन अंकांचा. माझी धाकटी बहीण तिसरीत आहे. तिला मोठ्या वजाबाक्या जड जातात, म्हणून ती कोपऱ्यात बसून दोनच अंकांचा करत होती. थोड्या वेळाने रडवेली होऊन आली. म्हणाली की माझा थांबतच नाही. मी वही पाहिली. ५२ – २५ = २७, ७२ – २७ = ४५, ५४ – ४५ = ०९, ९० – ०९ = ८१, ८१ – १८ = ६३, ६३ – ३६ = २७, आणि पुन्हा तीच रांग! तिचे काही चुकले नव्हते. दोन अंकांना थांबाच नाही, ते झोपाळ्यासारखे फिरत राहतात. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. दादानेही सांगितली नव्हती. लहान गटातल्या मुलीने ती स्वतः शोधली.

तेव्हा मला पक्के समजले की अवघड गणित म्हणजे मोठ्यांचे गणित नव्हे. एकाच खेळात तिसरीची मुलगी शिरू शकते, नववीचा दादा शिरू शकतो आणि दुधाचा हिशेब लिहिणारी आईही शिरू शकते. जो तो आपल्या पायरीवरून चढतो. पायरी खालची आहे म्हणून कोणी कमी होत नाही.

आता तुमची पाळी

खाली प्रत्येकासाठी कोडी दिली आहेत. उत्तर कागदावर लिहून भित्तिपत्रकाखालच्या खोक्यात टाका. वेळेचे बंधन नाही. पुढचा अंक लागेपर्यंत विचार करा. नुसते उत्तर नको, कसे काढले तेही लिहा.

पहिली-दुसरीसाठी: ५ पासून सुरू करा. संख्येत तिचेच अंक मिळवत जा. ५ आणि ५ म्हणजे १०, पुढे १० मध्ये १ आणि ० मिळवले की ११. असे करत २५ ला किती पायऱ्यांत पोचता?

तिसरी-चौथीसाठी: आईने वाडीतून चिकू आणले. चिकूंची संख्या १० ते ३० च्या मधली कोणतीही असू शकते, १० आणि ३० सुद्धा चालतील. पण ती हर्षद संख्या आहे. मग चिकू किती असू शकतील? अशा सगळ्या संख्या लिहा. एकही सुटता कामा नये.

पाचवीसाठी: १११११ × १११११ चे उत्तर गुणाकार न करता ओळखा. मग गुणाकार करून ताळा पाहा.

सहावी-सातवीसाठी: ४५ सारख्याच आणखी दोन दोन-अंकी संख्या शोधा, ज्यांच्या वर्गाचे दोन तुकडे मिळवले की मूळ संख्या येते. तसेच १ ते ५० मध्ये जननी नसलेल्या संख्या किती तेही शोधा.

पालकांसाठी आणि ज्यांना खुमखुमी आहे त्या सर्वांसाठी: तीन अंकांच्या खेळात सहापेक्षा जास्त पायऱ्या का लागत नाहीत? वर नऊ खोल्या सांगितल्या आहेत, त्यात उत्तर दडले आहे. सहाच्या सहा पायऱ्या लागणारी एक संख्याही शोधून दाखवा. आणि आपले जन्मसाल किती पायऱ्यांत ६१७४ ला पोचते तेही घरी करून पाहा.

पालकांना माझी एक विनंती आहे. आम्हाला गणित कधी आलंच नाही, असे मुलांसमोर म्हणू नका. माझी आईही तसेच म्हणायची. आता ती म्हणत नाही. परवा चिकूच्या करंड्या मोजताना ती मला सांगत होती की आजची संख्या हर्षद आहे.

मी यंदाच्या मे महिन्यात पुन्हा वाकोल्याला जाणार आहे. मंडळाची स्पर्धा असली तर मधल्याच गटात बसणार आहे. नंबर येईल की नाही हे सांगता येत नाही. पण कोणी शाळा विचारली तर जिल्हा परिषदेची शाळा, तालुका डहाणू, असे मोठ्याने सांगणार आहे.

चूक-भूल द्यावी घ्यावी. वजाबाकीत चूक सापडली तर मात्र जरूर कळवावी.

आपली एक विद्यार्थिनी,
इयत्ता ७ वी